नवीन फोन घेतला आणि बग गायब झाला! जुना द्यावा की ठेवावा?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

अकरा वर्षं अँड्रॉइड डेव्हलपर म्हणून पोट भरतोय. लोकांना वाटतं या माणसाकडे दर वर्षी नवा फोन असणार. प्रत्यक्षात परवापर्यंत माझ्या खिशात २०२० च्या दिवाळीत घेतलेला फोन होता. ४ जीबी रॅम, अँड्रॉइड १० घेऊन आला आणि १२ वर येऊन बसला तो बसलाच. गेल्या सहा महिन्यांत अगदी नको झालं होतं. रिक्षावाल्यासमोर क्यूआर स्कॅन करायला कॅमेरा उघडावा तर तोवर मागच्या दोन गाड्या हॉर्न वाजवून पुढे जायच्या. शेवटी बायकोनेच सांगितलं, "घे बाबा एकदाचा, नाहीतर माझा मागू नकोस."

घेतला. १२ जीबी रॅम, २५६ जीबी जागा, १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा) पडदा. कंपनीचं नाव घेत नाही, नाहीतर धागा तिकडेच जाईल.

पहिल्या आठवड्यातलं मत असं:

पडदा सुरेख. एकदा १२० हर्ट्झची सवय लागली की जुन्या फोनवर बोट फिरवताना चपलेत खडा गेल्यासारखं वाटतं. चार्जिंग दिवसाला एकदा. वजन जास्त आहे, खिसा लोंबतो. हेडफोनचं भोक नाही, त्यामुळे माझे लाडके वायरचे इअरफोन आता लॅपटॉपला. बोटाचा ठसा पडद्याखाली गेलाय आणि भांडी घासून आल्यावर फोन मला ओळखत नाही.

सामान हलवणं हा वेगळा अध्याय. फोटो, संपर्क, मेसेज वायर जोडून चाळीस मिनिटांत आले. बँका यायला चार दिवस लागले. आणि एका बँकेच्या ॲपने तर सरळ सांगितलं की तुमच्या फोनवर डेव्हलपर ऑप्शन्स चालू आहेत, आधी बंद करा. अहो, माझा धंदाच तो आहे! आता रोज ऑफिसात चालू करतो, लाइटबिल भरायचं असलं की बंद करतो. जेवायला बसताना चपला काढाव्यात तसं.

पण धागा यासाठी नाही. खरी गोष्ट पुढे आहे.

आम्ही एक ॲप करतो, ते गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर चालतं. सकाळी सभासद किटल्या घेऊन रांगेत उभे, मशीनवर फॅट आणि एसएनएफचा (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) आकडा येतो, केंद्रावरचा माणूस यादीतून सभासदाचं नाव काढतो, लिटर टाकतो, प्रिंटरवर पावती. यादीत सातशे-आठशे नावं, प्रत्येकासमोर छोटा गोल फोटो.

नवा फोन आल्यावर चौथ्या दिवशी टेस्टरची तक्रार आली, "सभासदांची यादी अडकते." मी नव्या फोनवर उघडली. लोण्यासारखी सरकली. वर नेली, खाली नेली, काही नाही. "माझ्याकडे होत नाही" असं लिहून तक्रार बंद केली आणि चहाला गेलो.

रात्री जुन्या फोनमधून एक राहिलेला पासवर्ड काढायचा होता, म्हणून तो ड्रॉवरमधून काढला. सहज म्हणून आमचं ॲप उघडलं. यादी सरकवली. बैलगाडी. दोन नावं, थांब. तीन नावं, थांब.

आणि मग लक्षात आलं की हे मी दोन वर्षं रोज बघत होतो. दर वेळी मनात म्हणायचो, "फोन म्हातारा झाला." ज्या संथपणाला कंटाळून मी फोन बदलला, त्यातला बराचसा माझ्याच हातचा होता!

तर प्रश्न असा. एक्सचेंजमध्ये जुन्याचे २१५० रुपये दाखवताहेत, माणूस शनिवारी न्यायला येणार. देऊ, की टेस्टिंगला ठेवू? ज्यांनी ठेवलेत त्यांचे ते खरंच वापरात आहेत, की ड्रॉवरमध्ये पडून आहेत?

८:१२ची_लोकल

पहिला! कॅमेरा कसा आहे?

ओट्यावरची

लेख आवडला. भांडी घासल्यावर फोन न ओळखण्याबद्दल शंभर टक्के अनुमोदन. माझा तर कणीक मळल्यावरसुद्धा ओळखत नाही. नवरा म्हणतो, फोनलाही कळतं कोणाला कधी त्रास द्यायचा नाही.

उपाय सांगते: एकाच अंगठ्याचा ठसा दोनदा नोंदवा, एकदा कोरडा आणि एकदा हात धुतल्यावर लगेच. माझ्याकडे तरी फरक पडला.

शून्याने_भागा

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर रात्री.

तूर्तास एकच प्रश्न. जुन्या फोनवर यादी अडकली ती डिबग बिल्ड (डेव्हलपरची चाचणीची आवृत्ती) होती की रिलीज (लोकांना दिलेली)? कंपोझमध्ये (अँड्रॉइडचे पडदे बांधायचं गूगलचं साधन) केलेली यादी डिबग बिल्डवर नेहमीच रडते, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

अर्धविराम

@८:१२ची_लोकल, सांगतो.

@ओट्यावरची, अंगठ्याची युक्ती आजच करतो.

@शून्याने_भागा, रिलीज. प्लेस्टोअरवरून उतरवलेली, लोक वापरतात तीच.

जुनाट_रेडिओ

देऊन टाका. मी ठेवणाऱ्यांपैकी आहे, म्हणून सांगतो. कपाटात सध्या पाच फोन, दोन टॅब आणि एक असा चार्जर आहे ज्याचं टोक कशातच बसत नाही. प्रत्येक वेळी "टेस्टिंगला होईल" म्हणून ठेवला. वर्षाने बघतो तर बॅटरी टम्म फुगलेली, पुरीसारखी. मागचं झाकण उचललं गेलं होतं. तो प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लिथियम आहे, दाबला किंवा भोक पडलं तर पेट घेतो. ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिला तेव्हा जीव भांड्यात पडला.

२१५० तर २१५०. मिसळ होते चार जणांची.

कट्ट्यावरचा_गण्या

चार जणांची? कुठल्या मिसळीच्या दुकानात जाता हो तुम्ही? सोन्याची तर्री आहे का?

जुनाट_रेडिओ

ताक आणि पापड धरून. शिवाय बरोबरच्या तिघांनी पाव किती खाल्ले ते मोजायचं नसतं.

आडसाली_ऊस

अर्धविराम भाऊ, तुमचा धागा वाचून उठून बसलो. आमच्या गावात (पन्हाळा तालुका) केंद्रावर मी दोन वर्षं बसत होतो. ॲप तुमचंच होतं का दुसऱ्याचं ते माहीत नाही, पण हाल तेच. म्हणून पुण्यात एसीत बसणाऱ्यांसाठी केंद्रावरची परिस्थिती सांगतो.

सकाळी सव्वापाचला शटर. थंडीत हात गारठलेले. फोन केंद्राचा, म्हणजे कोणाचाच नाही. चेअरमनच्या पोराने नवा घेतला की त्याचा जुना केंद्रावर येतो. त्याला प्लॅस्टिकची पिशवी घालून रबर लावलेलं असतं, कारण बोटं कायम दुधाची. पिशवीवरून टच लागत नाही म्हणून पिशवीला बोटाएवढं भोक पाडलेलं. त्या भोकातून दूध आत जातं ते जातंच. पडदा चिकट, बोट सरकवलं की एकदाच दोन नावं पुढं.

रांगेत पन्नास माणसं. म्हैसवाल्याला घाई, गायवाल्याला घाई, शाळेत जाणारी पोरं किटली घेऊन आलेली त्यांना तर सगळ्यात घाई. आणि यादी थांबली की मागून आवाज येतो, "काय रे, झोपलास काय?" मी झोपलोय का फोन झोपलाय, हे कोण बघणार?

शेवटी मी यादी उघडणंच सोडलं. सभासद नंबर पाठ केले. ३४७ म्हणजे कोण, ३४८ म्हणजे कोण, अजून झोपेत सांगीन. नंबर टाकला की काम होतं.

आणि अजून एक. पावती. वीस-पंचवीस पावत्या झाल्या की प्रिंटर गप्प. प्रिंटर बंद-चालू, ब्लूटूथ बंद-चालू, मग परत वीस. प्रिंटर खराब म्हणून दोनदा बदलून आणला. नवाही तसाच.

फोन ठेवा भाऊ. नका देऊ.

ओट्यावरची

काय लिहिलंय! ते पिशवीचं भोक डोळ्यांसमोर आलं.

शून्याने_भागा

रात्र झाली, आलो.

आधी १२० हर्ट्झबद्दल, कारण बरेच जण गैरसमज करून घेतात. ६० हर्ट्झवर एक चौकट, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, काढायला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० वर ८.३. म्हणजे नव्या फोनला वेळ निम्मा मिळतो, तरी तो पुरवतो, कारण आतलं इंजिन कितीतरी पट मोठं आहे. तुमच्या यादीतलं काम त्या फोनला साडेतीन मिलिसेकंदांचं असेल आणि जुन्याला चाळीसचं. कोड तोच. नवा फोन तुमची चूक दुरुस्त करत नाही, फेडून टाकतो. श्रीमंत सासऱ्यासारखा.

दुसरं, लॅपटॉपवरच्या एम्युलेटरला (फोनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) रॅम कमी दिली की जुना फोन तयार झाला असं समजणारे भेटतात. रॅम कमी होते, प्रोसेसर लॅपटॉपचाच राहतो. साठवणीचा वेगही लॅपटॉपचाच. त्यामुळे खरा, घासलेला, गरम होणारा फोन हातात असणं याला पर्याय नाही. मी ठेवण्याच्या बाजूने.

तिसरं, जुन्या फोनवर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये रेंडरिंगचे उभे पट्टे (प्रत्येक चौकटीला किती वेळ लागला ते दाखवणारे) चालू करून बघा. आडव्या हिरव्या रेघेच्या वर किती पट्टे जातात त्याचा फोटो टाका.

चिंचेचं_बुटुक

"फेडून टाकतो, श्रीमंत सासऱ्यासारखा" यावर आमच्या घरी दोन मतं पडली आहेत. धन्यवाद.

तळकोकणी

धाग्याचा विषय थोडा बाजूला नेतो, पण डेव्हलपर मंडळी आहेत म्हणून विचारतो. बाबांचा फोन बदलला (वय ७४, वेंगुर्ला). यूपीआयची नोंदणी करताना सारखं "मेसेज पाठवता आला नाही". तीन वेळा केलं. बाबा म्हणाले, मी बँकेतच जातो, चालायलाही होतं.

नंतर कळलं की बँकेत नोंदवलेलं सिम दुसऱ्या खाचेत होतं आणि त्यावर बॅलन्सच नव्हता. मेसेज जाणार कुठून! रिचार्ज केल्यावर झालं. तर हे ॲप मेसेज स्वतःहून का पाठवतं? ओटीपी आपल्याकडे येतो ना?

शून्याने_भागा

@तळकोकणी, ओटीपी येतो तो तुमच्याकडे येतो, इथे उलटं असतं. यूपीआयमध्ये फोनमधून बँकेच्या बाजूला मेसेज जातो. तो ज्या नंबरवरून गेला तोच नंबर खात्याला जोडलेला आहे ना, आणि ते सिम याच फोनमध्ये आहे ना, हे त्यातून पटवलं जातं. ओटीपी कोणी गोड बोलून फोनवर विचारून घेऊ शकतो. सिम फोनवरून विचारून घेता येत नाही.

बाबांना एक सांगून ठेवा: नव्या फोनवर पहिले चोवीस तास रक्कम पाच हजारांपर्यंतच जाईल. पैसे अडकले म्हणून घाबरू नका, मुद्दाम ठेवलेलं कुलूप आहे ते.

तळकोकणी

हे कोणी सांगितलंच नव्हतं. बाबांनी नेमके पहिल्याच दिवशी गवंड्याला आठ हजार द्यायला घेतले होते! गवंडी दोन दिवस आलाच नाही.

म्युनिकचा_माधव

इकडे युरोपात २० जून २०२५ पासून नवा नियम आलाय. बाजारात येणाऱ्या फोनच्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट द्यावे लागतात, सुटे भाग सात वर्षं मिळायला हवेत. बॅटरी ८०० वेळा चार्ज-डिस्चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता शिल्लक पाहिजे. दुकानात फोनशेजारी फ्रीजसारखं लेबल असतं, त्यात दुरुस्तीच्या सोयीला वेगळं अक्षर.

त्यामुळे अर्धविराम, तुमचा फोन १२ वर बसला याचं दुःख इथल्या लोकांना पुढे कमी होईल असं वाटतं. बाकी इथेही माझ्या ड्रॉवरमध्ये चार आहेत. नियम काही म्हणो, मराठी माणूस वायर फेकत नाही.

८:१२ची_लोकल

सुटे भाग सात वर्षं!! आमच्या स्टेशनबाहेरचा दुरुस्तीवाला कुठल्याही फोनचा पडदा दहा मिनिटांत आणून देतो. कुठून आणतो ते विचारायचं नाही, एवढाच नियम.

(कॅमेरा?)

मोडीवाचक

माझा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहितो. नवीन फोनवर मराठी कसं दिसतं? मी फोन बदलला की पहिल्यांदा "शेतकऱ्याच्या शेळीला लसूण" असं टाइप करून बघतो. मराठी ल आणि श आपल्या वळणाचे येतात का, हिंदी वळणाचे? राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वळण ठरवून दिलं, तरी फोन मात्र भाषा "मराठी" निवडल्याशिवाय बऱ्याचदा हिंदी ल-श दाखवतो.

आणि ऱ्य. जुन्या फोनवर काही ठिकाणी तो अर्धवट, लोंबकळणारा दिसायचा. नव्यावर बरा आहे.

अर्धविराम

@मोडीवाचक, तुम्ही दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. दिसणं हा निम्माच प्रश्न आहे. नवीन फोनच्या कीबोर्डवरून आमच्या ॲपमध्ये "कऱ्हाडे" शोधलं, तर सभासद सापडेना. यादीत डोळ्यांना दिसतोय, शोधात नाही!

ऱ्ह दोन प्रकारे साठवता येतो. एक, नुक्त्याच्या ऱ चा पाय मोडून ह. दुसरा, साधा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), आणि मग जोडणारं एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. केंद्रावर टायपिंग करणाऱ्याने एक वापरला, माझा नवा कीबोर्ड दुसरा लिहितो. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी माणसं, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे साठवलं असेल तर एकसारखं करणं) चालवलं तरी एक होत नाहीत. शोधण्याआधी आपणच दोन्ही एका साच्यात घालावे लागतात.

"ॲ"चंही तेच. एकसंध ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीची मंडळी अ वर अर्धचंद्र ठेवून काम भागवत, अजूनही कितीतरी मजकूर तसाच आहे.

मोडीवाचक

धन्य! म्हणजे कऱ्हाड्यांना दूध घालूनही पैसे नाहीत, ते या अदृश्य चिन्हामुळे?

आडसाली_ऊस

पैसे मिळतात हो. नंबरने घालतो ना आम्ही. ३४७.

चिंचेचं_बुटुक

३४७ खरंच कऱ्हाडे आहेत का??

आडसाली_ऊस

नाही, ३४७ माझा मामा आहे.

जुनाट_रेडिओ

धाग्याचं दूध झालं, दुधाचं दही झालं, आता कोणीतरी ताक करा आणि मूळ प्रश्नावर या. देणार का ठेवणार? शनिवार उद्या आहे.

निवृत्त_लेखापाल

मूळ प्रश्नावर येतो. २१५० रुपये हा आकडा ॲपवरचा आहे. घरी माणूस आला की ओरखडा दिसतो, मग स्पीकरचा आवाज कमी वाटतो, मग कोपऱ्यात डाग. माझे १८०० चे ७०० झाले होते. नवीन फोनवर तुम्ही १८ टक्के जीएसटी भरलात (१ एप्रिल २०२० आधी १२ होता), त्या रकमेपुढे हे सातशे म्हणजे चहापाणी.

हिशेब असा करा: तुमचा एक तास वाया गेला तर ऑफिसचं किती जातं? टेस्टरची तक्रार तुम्ही चुकीने बंद केलीत, त्यात तिचा अर्धा दिवस गेला असेल. जुना फोन त्यापेक्षा स्वस्त आहे. ठेवा.

मात्र द्यायचा झालाच, तर बँकेची ॲप्स नुसती काढू नका, आधी त्यातून नोंदणी रद्द करा. मग फोन पूर्ण पुसा. मेमरी कार्ड काढायला विसरू नका. मी विसरलो होतो. त्यात सोसायटीच्या गणपतीचे सहा वर्षांचे फोटो आणि माझे रक्ततपासणीचे रिपोर्ट होते.

कट्ट्यावरचा_गण्या

काका, कोणाकडे तरी तुमची शुगर आणि आमची आरती एकत्र आहे म्हणायची.

ओट्यावरची

मी थोडं वेगळं मत मांडते, रागावू नका. सगळे म्हणताहेत फोन ठेवा, टेस्टिंगला ठेवा. पण दोन वर्षं तो फोन अर्धविराम यांच्याच खिशात होता ना? रोज यादी अडकताना दिसत होती ना? तरी बग सापडला नाहीच. नवीन फोन हातात आल्यावर, दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसला. फोन ठेवून काय होणार? आपल्याला अडचणीची सवय होते. स्वयंपाकघरातला नळ गळतो, महिनाभराने तो आवाजच ऐकू येत नाही. पाहुणे आले की ते म्हणतात, "नळ गळतोय वाटतं."

शून्याने_भागा

@ओट्यावरची, माझी तिन्ही मुद्द्यांची तांत्रिक बडबड तुमच्या नळापुढे फिकी. मान्य.

म्युनिकचा_माधव

+१. आमच्याकडे टेस्टिंगच्या फोनचं कपाट आहे. कुलूप आहे, रजिस्टर आहे. रजिस्टरमधली शेवटची सही मार्चमधली.

अर्धविराम

मंडळी, काल रात्री तीनपर्यंत बसलो होतो. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन वाचा.

@ओट्यावरची, आधी तुम्हाला. खरं आहे. मला दिसत होतं आणि दिसत नव्हतं. तुमचं वाक्य वाचूनच दोन्ही फोन टेबलावर शेजारी ठेवले, तीच यादी, तेच नाव, एकाच वेळी दोन अंगठ्यांनी सरकवली. बायको म्हणाली, हे काय हार्मोनियम वाजवतोयस.

@शून्याने_भागा, पट्टे लावले. हिरवी रेघ कुठे आहे ते शोधावं लागलं. पट्ट्यांचं अरण्य झालं होतं त्यावर.

कारण सापडलं. लाज वाटते, पण लिहितो. सभासदाचा फोटो केंद्रावरचा माणूस कॅमेऱ्यातून काढतो, १२ मेगापिक्सेल. तो मी आहे तसा उघडत होतो. फाइल म्हणून तो दोन-तीन एमबीचा असतो, पण चित्र म्हणून स्मृतीत उलगडला की प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे ४८ एमबी. एका फोटोला! आणि दाखवायचा कुठे, तर अंगठ्याच्या नखाएवढ्या गोलात. पडद्यावर एका वेळी सहा-सात सभासद. तीनशे एमबी नुसती तोंडं बघायला.

चित्रं उघडणाऱ्या तयार लायब्ऱ्या (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड) हे काम स्वतःच करतात, गोलाच्या मापाएवढंच चित्र उलगडतात. पण २०१९ मध्ये मला वाटलं होतं की एवढ्यासाठी लायब्ररी कशाला, आपण चाळीस ओळींत लिहू. त्या चाळीस ओळी कोणाच्या म्हणून इतिहास काढला तर माझंच नाव. वर मीच लिहिलेली टीप: "नंतर नीट करू."

१२ जीबीच्या फोनला या तीनशे एमबीचं काहीच वाटत नाही. चार जीबीवाल्याला वाटतं. आता @आडसाली_ऊस, बसून वाचा.

प्रिंटरचं वेगळं ॲप असतं ना, मागे चालणारं? रॅम संपत आली की अँड्रॉइड मागची ॲप्स एकेक करून मारतं. जुन्या फोनवर लॉग (फोन आत काय करतोय त्याची नोंद) लावून यादी सरकवत बसलो. साधारण विसाव्या-बाविसाव्या सभासदाला लॉगमध्ये ओळ आली, प्रिंटरचं ॲप मारलं. तुमची वीस-पंचवीस पावत्यांनंतरची शांतता ती हीच असावी. तुमच्याकडे आमचंच ॲप होतं का ते कळलं तर सांगा, पण लक्षणं तंतोतंत आहेत. प्रिंटर खराब नव्हता भाऊ. मी खराब होतो.

चित्र लहान उघडायचा बदल केला, अकरा ओळींचा. जुन्या फोनवर यादी आता सरकते. लोण्यासारखी नाही, पण घट्ट दह्यासारखी नक्की. टेस्टरची बंद केलेली तक्रार परत उघडली, खाली "चूक माझी" लिहिलं. तिने अंगठा दाखवलाय. कुठल्या अर्थाने ते सोमवारी कळेल.

आडसाली_ऊस

दोन प्रिंटर बदलले हो भाऊ. दोन. दुकानदाराशी भांडून. एकदा तर त्याला म्हटलं, तू डुप्लिकेट माल देतोस. बिचारा नवीन रोल फुकट द्यायचा.

आता गावी गेलो की त्याला मिसळ द्यावी लागेल.

जुनाट_रेडिओ

२१५० मध्ये चार जणांची होते.

कट्ट्यावरचा_गण्या

पुन्हा तेच! हलके घ्या पण एकदा तुमच्याबरोबर यायचंय मला.

निवृत्त_लेखापाल

शनिवार उलटला. माणूस आला का?

अर्धविराम

आला होता. सुरुवात ओरखड्यापासून झाली, तुम्ही म्हणालात तशीच. २१५० चे ११०० झाले. "नको, ठेवतो" म्हटलं तर १३०० वर आला. दारात उभ्या उभ्या आमचा भाजीबाजार झाला. शेवटी त्याला पाणी देऊन परत पाठवलं.

जुना फोन सोमवारी ऑफिसात जाईल, पण कपाटात नाही. रोज बिल्ड झालं की तो आणि नवा शेजारी ठेवून यादी सरकवायची, असं टेस्टरशी ठरवलंय. हार्मोनियमची पेटी म्हणून. रात्री चार्जर काढून ठेवायची जबाबदारी माझी, पुरी व्हायला नको. आणि @आडसाली_ऊस, पुढच्या महिन्यात पन्हाळ्याकडे येतोय, एक सकाळ सव्वापाचला केंद्रावर उभं राहायचंय. पिशवीचं भोक बघायचंय.

आडसाली_ऊस

या की. मामाला सांगून ठेवतो. स्वेटर आणा.

८:१२ची_लोकल

सगळं कळलं, दूध कळलं, कऱ्हाडे कळले, गवंडी कळला. पाचवा दिवस आहे, तिसऱ्यांदा विचारतोय. कॅमेरा कसा आहे?

अर्धविराम

माफ करा, राहूनच गेलं. अजून एकच फोटो काढलाय. जुन्या फोनवरच्या ओरखड्याचा, त्या एक्सचेंजवाल्याला दाखवायला की हा तेव्हाही एवढाच होता. ओरखडा छान आलाय.